कडू भोपळा : त्याची लागवड, वाळवणी आणि तंबोरा

तंबोऱ्याविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत दांडी, तारा, घोडी व जवारी यांचा विचार पुष्कळ सांपडतो. परंतु ज्याच्या पोटांत तो नाद घुमतो त्या भोपळ्याविषयीं एकदोन ओळींपलीकडे सहसा कोणी लिहीत नाहीं. तुंबा ही लांकडासारखी बाजारांत मिळणारी वस्तु आहे, तिला स्वतःचा असा इतिहास नाहीं, अशी समजूत यामागें असावी. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. लांकडाला आकार सुतार देतो. तुंब्याला आकार शेतकरी देतो, आणि तोही फळ वेलावर कोंवळें असतांना. कारागिराच्या हातीं तुंबा येतो तेव्हां त्याची गोलाई, घेर व सालीची जाडी हीं बहुतेक ठरून गेलेलीं असतात. त्यांत त्यानें थोडीफार सुधारणा करावी एवढेंच उरतें. अर्थात् जो इतिहास कारखान्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो तो अर्ध्यावरून सुरू होतो. यास्तव शेतापासून कारखान्यापर्यंत या फळाचें काय काय होतें, आणि जुन्या ग्रंथांत त्याचा माग कोठवर लागतो, हें येथें एकत्र मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नांवाचा घोळ मिटविला पाहिजे. मराठींत 'भोपळा' या एका शब्दाखालीं दोन निरनिराळ्या वंशांतलीं फळें येतात. तांबडा भोपळा, ज्यास कोणी डांगर तर कोणी काशीफळ म्हणतात, तो मूळचा अमेरिकेंतला. १४९२ नंतर युरोपीय लोकांच्या हातून तो इतर खंडांत पसरला. दुसरा दुध्या भोपळा, व त्याचाच सख्खा भाऊ कडू भोपळा. या दोहोंचें शास्त्रीय नांव एकच, लॅजेनेरिया सिसेरेरिया. याचें मूळ आफ्रिकेंत असल्याचें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. परंतु तो आपल्याकडे इतक्या प्राचीन काळीं रुजला कीं त्यास परका म्हणण्यांत अर्थ नाहीं. वाळल्यावर लांकडासारखें टणक कवच होतें तें याचेंच. तेव्हां सोळाव्या शतकापूर्वींच्या कोणत्याही ग्रंथांत भोपळ्याचें पात्र वा वाद्य आलें कीं तेथें दुध्याच्या जातीचा भोपळा समजावा. तांबड्याचा संबंध नाहीं. मुलांच्या गोष्टींतील म्हातारीस तांबड्या भोपळ्यांत बसविण्याची चाल हल्लींच्या चित्रकारांनीं पाडली आहे. पण घरंगळत जाण्याइतका पोकळ, हलका आणि टणक असा भोपळा पाहिजे असेल तर तो वाळलेला कडू भोपळाच असूं शकतो, आणि म्हातारीला तें चित्रकारांहून अधिक ठाऊक असावें.

जुन्या वाङ्मयांत या फळाचें नांव अलाबु किंवा तुंबी. अथर्ववेदाच्या आठव्या कांडांत विराज् गाईचें दोहन वर्णिलें आहे. त्यांत सर्पांनीं तिच्यापासून विष काढलें तें अलाबुपात्रांत. विषाकरितां नेमकें हेंच पात्र कां सांगावें हा प्रश्न सुचल्यावांचून राहत नाहीं. कडू भोपळ्याचा गर विषारी असतो हें पाहिलें म्हणजे उत्तर दूर नसावें, असें आम्हांस वाटतें. मनुस्मृतींत संन्याशास चार प्रकारचीं पात्रें विहित आहेत, त्यांत भोपळा पहिला. लांकूड, माती व वेत-बांबू हीं मागून. जैनांच्या आचारांगांतही भिक्षापात्रांत भोपळ्याचें पात्र आहे. बौद्धांच्या विनयांत मात्र तुंब्याचें खापर घेऊन भिक्षेस जाण्यास मनाई केलेली आढळते. एकाच वस्तूविषयीं तीन पंथांचे नियम मिळतात, यावरून ती वस्तु त्या काळीं किती सर्वसाधारण असावी याची कल्पना येईल.

जैनांच्याच ज्ञाताधर्मकथेंतील सहावें अध्ययन तुंब्याच्या नांवाचें आहे. कोरड्या तुंब्यावर दर्भ गुंडाळून मातीचा लेप द्यावा, तो वाळवावा, असे आठ लेप द्यावे, म्हणजे तुंबा पाण्यांत बुडतो. लेप एकेक विरघळूं लागले कीं वर येतो. जीव व अष्टकर्में यांचें असेंच आहे, असा तो दृष्टान्त. धर्मार्थ बाजूस ठेवला तरी आमच्या विषयास उपयोगी अशी एक गोष्ट त्यांत आहे. हा तुंबा निश्छिद्र आणि न पिचलेला पाहिजे असें सांगितलें आहे. म्हणजे न कापतां, भोंक न पाडतां, सबंध फळ वाळविण्याची रीति त्या काळच्या श्रोत्यांस परिचित होती. ही रीति पुढें येईलच.

वैद्यकांत सुश्रुतानें रक्तमोक्षणाचीं तीन साधनें सांगितलीं : शिंग, जळू व अलाबु. भोपळ्याच्या पोटांत दिवा ठेवून तो अंगास लावावा, म्हणजे आंतील हवा कमी होऊन तो रक्त ओढतो. आपल्याकडे 'तुंबडी लावणें' हा शब्द याच उपचारास रूढ झाला, आणि पुढें तुंबडी कांचेची व धातूची झाली तरी नांव भोपळ्याचेंच राहिलें. भिकाऱ्याच्या भोपळ्यावरून 'तुंबडी भरणें' आलें. कौटिल्यानें सैन्य नदीपार नेण्याचीं साधनें सांगतांना नावा, लांकडें, बांबू व कातडी पिशव्या यांच्या पंक्तीस अलाबु बसविला आहे. खेड्यांत पोरें कंबरेस भोपळा बांधून पोहावयास शिकत, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ति.

ग्रंथांत एवढे उल्लेख, आणि प्रत्यक्ष वस्तु मात्र हातीं लागत नाहीं. मातीचें खापर सहस्रावधि वर्षें टिकतें. भोपळ्याचें कवच आपल्या दमट जमिनींत, वाळवी व बुरशी यांच्यापुढें, टिकाव धरीत नाहीं. याच्या उलट पेरू देशाच्या किनाऱ्यावरील हुआका प्रिएता या ठिकाणीं जूनियस बर्ड यांनीं १९४६-४७ सालीं उत्खनन केलें, तेव्हां हजारों वर्षांपूर्वींचे कोरीव काम केलेले भोपळे त्यांस मिळाले. तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं, म्हणून ते राहिले. आपल्याकडे भोपळे नव्हते असें नव्हे, उरले नाहींत. म्हणून येथें ग्रंथ, शिल्पें आणि हयात असलेल्या लोकांची कृति या तिहींवरच भिस्त ठेवावी लागते.

वाद्यांकडे वळण्यापूर्वीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'वीणा' शब्द दिसला कीं भोपळा गृहीत धरूं नये. भारहूत व सांची येथील शिल्पांतली वीणा धनुष्याच्या आकाराची आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो राजा मांडीवर घेऊन वाजवितो ती वीणाही तसलीच. तिच्या खालचा भाग लांकडी होडीसारखा, वर कातडें. दांडीच्या खालीं तुंबा बांधलेली वीणा शिल्पांत पुढें पुढें दिसूं लागते आणि हळूहळू धनुष्याकृति वीणेस मागें सारते. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत संगीतरत्नाकर लिहिला. त्याच्या वाद्याध्यायांत एकतंत्रीस तुंबा कसा जोडावा याचें वर्णन आहे आणि किन्नरीस एकाहून अधिक तुंबे सांगितले आहेत. हा ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमींत लिहिला गेला, तेव्हां तुंब्याचें शास्त्र आपल्याकडे निदान सातशें वर्षांचें लेखनिविष्ट आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. तंबोरा हें नांव तुंबुरु गंधर्वावरून आलें कीं फारसी तंबूरावरून, हा वाद जुना आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं, कारण नांव कोठूनही आलें तरी भोपळा वाफ्यांतूनच यावा लागतो.

आतां तो वाफ्यांतून कसा येतो तें पाहूं. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस लागणारे मोठे भोपळे मुख्यत्वें सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या कांठच्या गांवांत पिकत आले आहेत. बीं कठीण कवचाचें असल्यामुळें पेरण्यापूर्वीं भिजत घालणें बरें. पावसाच्या आरंभीं तें टोकतात. वेल झपाट्यानें पसरतो. मुख्य वेलावर बहुतेक नरफुलेंच येतात, मादीफुलें बाजूच्या फांद्यांवर अधिक धरतात. म्हणून वेल हातभर वाढल्यावर शेंडा खुडण्याची युक्ति जाणते लोक करतात. फूल पांढरें असून दिवस मावळतांना उमलतें व दुसऱ्या दिवशीं कोमेजतें. परागाचें काम बहुतांशीं रात्रीं उडणाऱ्या पतंगांकडून होतें. पतंग कमी असतील तेथें संध्याकाळीं नरफूल खुडून मादीफुलावर हातानें फिरवावें; मादीफूल ओळखण्यास अडचण नाहीं, कारण त्याच्या तळाशीं इवलासा भोपळा आधींच असतो.

कडू व गोड या जाती शेजारीं लावूं नयेत. त्यांचा संकर सहज होतो, आणि यंदाचें फळ जसेंच्या तसें आलें तरी त्यांतील बीं पुढल्या वर्षीं भरवशाचें राहत नाहीं. दुध्याच्या मळ्यांत कडू फळ उपजलें तर खाणाराच्या जिवाशीं गांठ. कडू रस पोटांत गेल्यानें माणसें दगावल्याच्या गोष्टी खोट्या नाहींत. वाद्याचें बीं ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलें त्याच्या घरीं एक स्वतंत्र वाणच तयार झालेला असतो. ही निवड कागदावर नसते. वाण गेला कीं ती गेली.

वेलावर मोजकींच फळें ठेवून बाकीचीं खुडलीं म्हणजे राहिलेल्यांचा घेर वाढतो. मर्दानी तंबोऱ्यास सुमारें चार फूट किंवा त्याहूनही अधिक घेराचा भोपळा लागतो, जनानीस त्याहून लहान. एवढें फळ मांडवावर पेलत नाहीं. तें जमिनीवरच वाढतें. येथें शेतकऱ्याचें खरें कौशल्य दिसतें. फळ मुठीएवढें असतांनाच त्यास हळूच सरळ बसवावें लागतें, म्हणजे बूड सपाट व अंग सारखें गोल होतें. एका कुशीवर पडून राहिलेलें फळ त्या बाजूस चपटें व फिकें होतें, आणि ओलीशीं लागलेली साल पातळ राहून कुजण्याचा संभव असतो. म्हणून खालीं वाळलेलें गवत वा फरशीचा तुकडा देतात. वळवितांना देंठ पिळला गेला तर सारी मेहनत फुकट. लांब मानेचे भोपळे पाहिजे असतील तर मांडव चांगला : टांगलेल्या फळाची मान स्वतःच्या वजनानें सरळ उतरते, जमिनीवर तीच बगळ्यासारखी वांकडी होते.

यानंतर धीराचें काम येतें. भाजीचा भोपळा कोंवळा काढावयाचा, तुंब्याचा भोपळा वेल मरेपर्यंत काढावयाचा नाहीं. कोंवळें फळ कितीही मोठें असलें तरी वाळतांना सुरकुततें व बसतें, कारण त्याचें कवच अजून काष्ठ झालेलें नसतें. पानें झडलीं, वेल तपकिरी झाला, देंठ सुकून लांकडासारखा कडक झाला, म्हणजे फळ तयार झालें असें समजावें. तोपर्यंत तें उघड्या शेतांत पडून असतें. कडूपणामुळें गुराढोरांचा त्यास फारसा उपद्रव होत नाहीं. काढतांना दोनचार बोटें देंठ ठेवून कापावें. देंठ उपटला तर तेथें भोंक पडतें आणि कुजण्यास वाट मिळते.

फळांत बहुतेक पाणीच असतें, आणि तें सगळें सालींतून बाहेर पडावयाचें असतें. यास घाई चालत नाहीं. कडक उन्हांत टाकलें तर बाहेरचा भाग आधीं आक्रसतो, आंतला ओला राहतो, आणि कवच तडकतें. बंद खोलींत कोंडलें तर सडतें. सावली, वारा आणि जमिनीपासून अंतर या तीन गोष्टी साधल्या म्हणजे बाकीचें काम काळ करतो. फळें एकमेकांस लागूं देऊं नयेत. आठपंधरा दिवसांनीं कूस बदलावी. कांहीं आठवड्यांनीं सालीवर पांढरी, करडी, काळी बुरशी चढते. नवखा मनुष्य ती पाहून फळ फेंकून देतो. त्यानें तसें करूं नये. बुरशी वरच्या पापुद्र्यावर असते, आणि तो पापुद्रा पुढें निघावयाचाच असतो. कोरड्या फडक्यानें पुसावी. अंगठ्यानें दाबून पाहावें : टणक असेल तर ठेवावें, बोट आंत गेलें तर तें फळ गेलें. अधीरपणानें भोंक पाडून पाणी काढूं पाहणारे पुष्कळ. त्यांच्या पदरीं बहुधा आंतून नासलेला भोपळाच पडतो. जैन कथेंतला 'निश्छिद्र' तुंबा येथें आठवावा. लहान फळ तीनचार महिन्यांत, मोठें सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत घेतें. वजन उतरून हलकें झालें आणि हालविल्यावर आंत बिया खुळखुळूं लागल्या म्हणजे वाळवणी पुरी झाली.

मग तें ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावें किंवा पाण्यांत बुडवावें, आणि सैल झालेला पापुद्रा बोथट सुरीनें खरवडून काढावा. खालून गव्हाळ रंगाचें गुळगुळीत कवच निघतें. कापल्यावर आंतील वाळका गर व बिया काढतांना नाकातोंडास फडकें बांधणें अवश्य आहे. ती धूळ अत्यंत कडू असून घशास झोंबते. घरगुती डाव, बियाणें ठेवण्याची तुंबी, दिव्याची झांकणी असल्या वस्तु एवढ्यावर तयार होतात. पाणी पिण्याचें पात्र करावयाचें तर आंत पाणी भरून ठेवावें व रोज बदलावें. जिभेला कडवट लागेनासें होईपर्यंत हा क्रम चालवावा, आणि शंका राहिली तर तें पात्र पिण्यास मुळींच वापरूं नये.

डहाणू-जव्हारकडील वारली लोकांचा तारपा हा या घरगुती कारागिरीचा उत्तम नमुना होय. वाळका भोपळा, त्यांत बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजविण्यास मेण आणि तोंडाशीं ताडाच्या पानांचा कर्णा, एवढेंच सामान, आणि तेंही सगळें परिसरांतलें. वाजविणारा मध्यें व नाचणारे भोंवतीं वेटोळें धरून, हें चित्र वारल्यांच्या भिंतींवरून आतां सर्वत्र पोंचलें आहे. परंतु चित्र पाहणाऱ्यांपैकीं किती जणांस मधली वस्तु भोपळा आहे हें ठाऊक असेल, कोण जाणे. त्यांचीच घांगळी हें तंतुवाद्यही भोपळ्यांचेंच.

मिरजेची हकीकत निराळ्या तऱ्हेची आहे. पटवर्धनांच्या या संस्थानांत हत्यारें घडविणारे व त्यांना धार लावणारे शिकलगार होते. पेशवाई १८१८ सालीं गेल्यानंतर त्या धंद्याचें मान उतरत गेलें. त्याच घराण्यांतील फरीदसाहेब हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढें घडणीकडे वळले, आणि त्यांच्यापासून मिरजेची सतारमेकरांची परंपरा चालू झाली. पुढें अब्दुल करीमखां यांच्यासारखे गवई मिरजेस येऊन राहिले (त्यांचें देहावसान १९३७ सालीं झालें), तेव्हां ऐकणारा कान व घडविणारा हात एकाच गांवांत आले. तंबोऱ्याची कीर्ति झाली तिचें हें एक मोठें कारण होय.

कारखान्यांत भोपळा निवडतांना टिचकी मारून आवाज पाहतात, कवचाची जाडी सर्वत्र सारखी आहे कीं नाहीं तें अजमावतात. निवडलेला तुंबा कापून पाण्यांत भिजत घालतात. भिजल्यानें टणक कवच पुनः थोडें लवतें. तेव्हां आंतून खरवडून, काड्यांचे आडवे टेंकू देऊन त्यास हवा तो घेर आणतात व तसाच वाळूं देतात. शेतकऱ्यानें जें राखलें त्यावर कारागिराचा अधिकार एवढाच. नंतर तुनीच्या लांकडाचा गळा जोडावयाचा, त्यावर दांडी, तोंडावर तबली, मग नक्षी, लाखेचें रोगण आणि शेवटीं जवारी.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. पण मानांकन गांवास मिळालें, आणि भोपळा पिकतो दुसऱ्या जिल्ह्यांत. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरें झाल्यापासून त्या कांठीं ऊस वाढत गेला. भोपळ्याच्या पिकानें जमीन बरेच महिने अडते, वाळवणीस घरांत जागा जाते, वाटेंत एक धक्का लागला कीं फळ फुटतें, आणि गिऱ्हाईक काय तें सतारमेकर. उसाला कारखाना आहे. अशा स्थितींत शेतकऱ्यानें कडू भोपळा कां लावावा, या प्रश्नाला केवळ कलेच्या नांवानें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. भाव वाढवून दिला पाहिजे, हेंच त्याचें उत्तर. कांचतंतूचे तुंबे निघालेच आहेत. ते फुटत नाहींत, प्रवासास सोयीचे पडतात, आणि त्यांचा नाद कसा असतो हें गवयांनींच सांगावें.

संशोधकांच्या हातांत मात्र एक काम आहे व तें लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. जुन्या घरांतून, मठांतून व देवळांतून पडून असलेले तंबोरे अजून पुष्कळ आहेत. तुंबा फुटला म्हणजे तो बदलून घेतात आणि फुटके तुकडे टाकून देतात. वास्तविक फुटक्या तुकड्यावरच कवचाची जाडी, आंतली खरवड व लाखेचे थर स्पष्ट दिसतात. सबंध वाद्यावर तें कांहींच दिसत नाहीं. ज्यांच्याकडे असे तुकडे निघतील त्यांनीं ते टाकूं नयेत. तुंब्याचा घेर, तुकड्याची जाडी, वाद्य कोणी व केव्हां घेतलें याची घरांतली आठवण, आणि भोपळा कोणत्या गांवचा होता हें कारागिराकडून कळल्यास तेंही, एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें. तसेंच भीमाकांठच्या ज्या घरीं वाद्याच्या भोपळ्याचें बीं अजून राखलेलें असेल तेथील वृद्धांकडून पेरणीची तिथि, खुडणीची रीति व वाळवणीची जागा त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आणि बीं मिळालें तर गांवाचें नांव व साल घालून कागदाच्या पुडींत, कोरड्या जागीं ठेवावें.